सीडी प्लेअर घेताना आधी यंत्र बघा

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, अजून ‘थाऊ’ची भाषा चालते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. शाफ्टला दोन थाऊ रनआउट निघाला, म्हणजे फिरताना तो तेवढा डुलला, की कारागीर जॉब पुन्हा चकात धरतो आणि डायल लावून बघतो. माझी तीस वर्षं याच कामात गेली. त्यामुळे सीडीबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा जे पक्कं बसलं ते एक माप होतं. सीडीवर माहितीची एकच लांबलचक वाट गोल गोल फिरत जाते आणि तिच्या एका फेरीपासून शेजारची फेरी १.६ मायक्रॉनवर असते. एका थाऊत अशा पंधरा-सोळा फेऱ्या मावतात.

मापापासून मुद्दाम सुरुवात केली. ताराबाई पार्कात आमचे एक स्नेही राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. कपाटात चारशेच्या वर सीड्या, बहुतेक शास्त्रीय गायनाच्या. “आता एकदाच काय तो भारीतला प्लेअर घेतो. कुठला घेऊ सांगा,” म्हणाले आणि नेटवरून उतरवून घेतलेली टिपणं पुढे केली. त्यात चिपांचे नंबर होते, फिल्टरांची नावं होती, पिनांना सोन्याचा मुलामा आहे की नाही तेही होतं. डिस्क फिरवतं कोण, वाचतं कोण आणि ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं, याबद्दल एक ओळ नव्हती. मला वाटतं, निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. चांगल्या दर्जाच्या दोन प्लेअरच्या आवाजात फरक असलाच तर तो लहान असतो. त्यांच्या यंत्रात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

सीडीचं मानक सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ठरवलं आणि सोनीचा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हापासून डिस्क बदललेली नाही. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. त्या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खड्डे ठसवलेले असतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेचा हात आणि वर छपाई. लेझर खालून, प्लास्टिकच्या आरपार वाचतो. म्हणून छपाईच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. तिथे ॲल्युमिनियमला राखायला लाखेच्या एका पापुद्र्याशिवाय काहीच नसतं.

ती वाट आतून सुरू होते आणि बाहेर संपते. पूर्ण भरलेल्या डिस्कवरची वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. लेझरखालून ती सरकण्याचा वेग सारखा ठेवायचा असतो, म्हणून आतल्या कडेला डिस्क मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता २०० वर येते. मैफल ऐकताना पेटीच्या आत मोटर सतत हळू होत असते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता कारागिराच्या डोळ्यांनी बघा. डिस्कचं मधलं भोक आणि ती वाट यांचा केंद्रबिंदू तंतोतंत एक नसतो. मानकानुसारच ७० मायक्रॉनपर्यंतचा रनआउट चालतो. शेजारची फेरी १.६ मायक्रॉनवर आणि डिस्क हलते ७० मायक्रॉन, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात लेझरच्या खालून चाळीसेक वाटा इकडून तिकडे जाणार. शिवाय डिस्क थोडी वाकडी असली तर वर-खालीही डुलते आणि फोकस तर दोन मायक्रॉनच्या आत राहायला हवा. हे सगळं सांभाळते अख्ख्या मसुराएवढी एक भिंग. मी एक मेलेला प्लेअर उघडून ती बघितली आहे. केसासारख्या तारांवर टांगलेली, दोन्ही बाजूंना तांब्याची इवलीशी वेटोळी. स्पीकरची कॉइल जशी हलते तशीच ती भिंग सेकंदाला शेकडो वेळा हलत डिस्कचा पाठलाग करते. चिमट्याने हलकेच ढकलली तर हलली आणि अलगद जागेवर आली. आम्ही दिवसभर ज्या टॉलरन्ससाठी झटतो त्याच्या दहापट बारीक काम ही वस्तू घरातल्या मांडणीवर बसून करते, हे बघून मी त्या दिवशी बराच वेळ तिथून उठलो नाही.

चांगल्या प्लेअरमध्ये जादा पैसे इथे दिसायला हवेत. डिस्क धरायची पकड किती पक्की आहे? मोटरचं बेअरिंग कसलं आहे? ट्रे आत-बाहेर जाताना खडखडतो का? टीॲकच्या एसोटेरिक प्लेअरमध्ये डिस्क तिच्याच व्यासाच्या एका तबकावर दाबून धरतात. लेथवर जॉब फेसप्लेटला बांधतो, तशीच कल्पना. वाकडी डिस्कही त्यामुळे सपाट बसते. रेगा कंपनीचे प्लेअर वरून उघडतात. ट्रेच नसल्यामुळे ट्रेचा रबरी पट्टा सैल पडण्याची भानगडही नाही. असं काही दिसलं की मला कळतं, पैसे कुठे गेले. तोंडावर दोन इंच जाड ॲल्युमिनियमची पट्टी आणि आत शंभर रुपयांच्या प्लास्टिकची यंत्रणा, असेही महागडे प्लेअर असतात. दुकानदाराला विचारून झाकण उघडलेलं चित्र बघा. ते नेटवर सहसा मिळतं.

आवाजाकडे येऊ. सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक चॅनेलसाठी, ४४,१०० नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर असते. यालाच १६ बिट म्हणतात. कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. नोंदींच्या निम्म्या वेगापर्यंतचा, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज या नोंदींतून पुरता परत उभा करता येतो. इथे एक गैरसमज फार पसरलाय की डिजिटल आवाज जिन्यासारखा तुटक असतो आणि भारी प्लेअर त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो. तसं नाही. नोंदींचं पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, आणि तिच्यामागचा फिल्टर यांतून बाहेर पडणारी लाट अखंडच असते. साध्या प्लेअरमधूनही.

दुसरा गैरसमज कॅसेटच्या दिवसांतून आलाय. कॅसेटची मोटर डळमळली की गाणं डळमळायचं. सीडीत डिस्कवरून वाचलेले आकडे आधी एका छोट्या साठ्यात जमा होतात आणि तिथून क्वार्ट्झच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक बाहेर पडतात. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि घरातला नळ, तसंच. टाकीत पाणी धो धो येवो की थांबून थांबून, ती रिकामी होत नाही तोवर नळाची धार एकसारखी. म्हणून मोटरच्या डळमळीने सूर डळमळत नाही. मग मी यंत्रावर एवढा भर का देतोय? यंत्र चांगलं असेल तर सूर गोड होतो असं माझं म्हणणं नाही. ते दहा-पंधरा वर्षं, तुमच्या जुन्या, ओरखडे पडलेल्या सीड्यांसकट, न अडखळता वाचत राहतं, म्हणून.

ओरखड्यांचं असं आहे. डिस्कवर माहिती मिसळून, विखरून लिहिलेली असते आणि सोबत पडताळणीचे जादा आकडे असतात. वाटेवरचा सलग अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी प्लेअर हिशोब करून मूळ आकडे जसेच्या तसे मिळवतो. त्याहून मोठं भगदाड असेल तर तो शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो आणि तेही जमेना झालं की गप्प होतो किंवा अडकतो. म्हणून सीडी पुसताना कापड मधून बाहेर, सरळ ओढायचं. गोल फिरवलंत आणि एखादा कण अडकला तर ओरखडा वाटेच्या बाजूने, लांबवर पडतो आणि तोच सावरायला सगळ्यात अवघड.

डॅकच्या प्रकारांवर मी थोडक्यातच बोलतो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचा डॅक होता आणि ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये हिशोबाने जादा नोंदी भरण्याची युक्ती वापरून त्यातून जवळपास १६ बिटांचं काम काढलं होतं. पुढे १६ बिटांच्या मल्टिबिट चिपा आल्या, मग डेल्टा-सिग्मा नावाच्या वेगळ्या पद्धतीच्या आल्या. जुन्या मल्टिबिट चिपांचे भक्त आजही आहेत. माझं मत सांगतो. आजच्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीच्या प्लेअरमधला डॅक तुमच्या कानाच्या आणि खोलीच्या पुढे आहे. चिपचा नंबर बघून प्लेअर घेऊ नका. डॅकच्या पुढची ॲनालॉग सर्किट आणि वीजपुरवठा यांत मात्र थोडी मेहनत केलेली कळते. खरखर नसणं, पूर्ण शांततेत शांतताच ऐकू येणं, ॲम्प्लिफायर कुठलाही असो आउटपुट न दबणं, या त्या गोष्टी.

दोन प्लेअरची तुलना करायला दुकानात जाल तेव्हा एक फसगत हमखास होते. सीडी प्लेअरचं साध्या आरसीए जोडणीतलं आउटपुट साधारण २ व्होल्ट धरतात, पण प्रत्येक कंपनी थोडं इकडेतिकडे करते. एकाचं २ आणि दुसऱ्याचं २.३ असेल तर दुसरा सव्वा डेसिबलच्या आसपास मोठा वाजणार. एवढ्याशा फरकाला कान ‘मोठा’ म्हणत नाही, ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ म्हणतो आणि माणूस पन्नास हजार जास्त मोजून येतो. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत तर व्होल्टेज जवळपास दुप्पट असतं. उपाय सोपा आहे. एकसुरी टोनची टेस्ट सीडी लावायची, स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा आणि दोन्ही प्लेअरसाठी ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम असा ठेवायचा की आकडा सारखा येईल. साध्या मीटरला ५०-६० हर्ट्झचा टोन नीट मोजता येतो, तो वापरा. मग एकाला बटण दाबायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. त्या स्नेह्यांबरोबर मी हे केलं. एक प्लेअर दुसऱ्याच्या तिप्पट किमतीचा होता. दहा वेळा ऐकल्यावर ते म्हणाले, “मला सांगता येत नाही.” चेहरा थोडा पडला होता त्यांचा. पण ही वाईट बातमी नाही. वाचलेले पैसे स्पीकरवर जातात आणि स्पीकरमधला फरक कोणालाही, पाठ करूनही, ऐकू येतो.

आणि खोलीवर. हल्ली आपल्याकडे सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, एका बाजूला मोठी काच आणि छताला पीओपी. अशा खोलीत टाळी वाजवून बघा, झणझणतं. एक जाड सतरंजी, कापडी पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने तबल्याच्या बायाँची घुमारी जागेवर येते. कुठलाही डॅक ते करू शकत नाही.

रेकॉर्डिंगचं भानही ठेवायला हवं. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणलं आणि जयपूर-अत्रौली गायकीने इथे मूळ धरलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज सीडीवर ऐकायला मिळतात. पण त्यांतल्या कितीतरी मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तबकडीची खरखर सीडीवर उतरली आहे आणि ती तशीच राहणार. दहा लाखांचा प्लेअरही ती काढणार नाही, काढूही नये. प्लेअर, स्पीकर आणि खोली नीट जुळली असेल तर त्या खरखरीमागे तो आवाज केवढा ठाम उभा आहे हे कळतं, आणि मला तेवढं पुरतं.

पर्याय तीन. एकसंध प्लेअर, म्हणजे यंत्र आणि डॅक एकाच पेटीत. दुसरा, नुसता ट्रान्सपोर्ट, म्हणजे डिस्क फिरवून वाचणारी पेटी, आणि वेगळा डॅक, मध्ये कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल केबल. तिसरा, एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी या वेगळ्या प्रकारच्या डिस्कही वाजवणारा प्लेअर. एसएसीडी १९९९ साली आली. साध्या प्लेअरवर तिचा खास थर वाचला जात नाही. तुमच्या कपाटात तशा डिस्क किती आहेत ते आधी मोजा. दोन-चारच असतील तर त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. मला स्वतःला ट्रान्सपोर्ट आणि डॅक वेगळे आवडतात, कारण फिरणारा भाग आधी झिजतो. तो बदलता येतो, डॅक तसाच राहतो आणि त्यालाच टीव्ही, कॉम्प्युटरही जोडता येतात. टीव्हीच्या केबलमुळे स्पीकरमध्ये ‘हूं’ असा आवाज येत असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, अर्थिंग जोडलं जात नाही.

आता दुरुस्ती. याच मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण यात मी पोळलोय. माझा पहिला चांगला प्लेअर परदेशी बनावटीचा होता. कंपनीचं नाव घेत नाही. सातेक वर्षं सुरेख चालला. मग लांबलचक सीड्यांची शेवटची गाणी अडखळायला लागली, मग सुरुवातीला डिस्क ओळखायलाच वेळ लागायला लागला आणि एके दिवशी पडद्यावर ‘नो डिस्क’. लक्ष्मीपुरीत एका जुन्या मेस्त्रींकडे नेला. त्यांनी झाकण काढलं, भिंगेवर फुंकर मारली, पुसली, पुन्हा लावून बघितला आणि म्हणाले, “लेन्स गेलीया बघा ह्याची. मिळाली तर बसवून देतो, पण मिळंल असं वाटत नाही.” विकणाऱ्यांनी आधी दोन महिने थांबवलं, मग सांगितलं की ती यंत्रणाच आता बनत नाही. बाकी सगळा प्लेअर ठणठणीत, नुसत्या एका सुट्या भागापायी पडून.

कंपन्या लेझरची यंत्रणा बऱ्याचदा बाहेरून घेतात. सोनीची केएसएस-२१३, सान्योची एसएफ-पी१०१एन या यंत्रणा साध्या डेकपासून भारी प्लेअरपर्यंत कितीतरी पेट्यांत बसल्या. फिलिप्सची सीडी-प्रो२ अनेक महागड्या प्लेअरमध्ये होती, तिचं उत्पादन बंद झालं आणि त्या प्लेअरचे मालक आता सुट्या भागांसाठी वणवण करतात. म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. यात लेझर कुठला आहे? तो आज सुटा मिळतो का? बदलायचा झाला तर पेटी पुण्या-मुंबईला पाठवावी लागेल की इथेच होईल? उत्तर देताना विक्रेता गडबडला तर मी तो प्लेअर घेत नाही, मग आवाज कितीही आवडलेला असो.

जुना प्लेअर घेणार असाल तर आणखी सावध. थकलेल्या लेझरचा करंट आतल्या एका बारीक, स्क्रूसारख्या फिरणाऱ्या प्रीसेटने वाढवून काही जण तो तात्पुरता जिवंत करतात. दुकानात उत्तम वाजतो, घरी आणल्यावर काही महिन्यांत कायमचा जातो. जपानमधून आलेला स्वस्त प्लेअर दिसला तर मागची पट्टी वाचा. तिथला घरगुती पुरवठा १०० व्होल्टचा, आपला २३०. ट्रान्सफॉर्मर न लावता सरळ प्लग घातला तर वाजायच्या आधीच जळेल.

आपल्या हवेचं थोडं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, तर भिंगेचं काय. पावसाळ्यात प्लेअर महिनामहिना बंद ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तरी तासभर लावा. आतल्या उबेनं ओल जाते. सीड्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. भिंग पुसायला ब्रश लावलेल्या ‘क्लीनर सीडी’ मिळतात, त्या मी वापरत नाही. त्या टांगलेल्या भिंगेला फिरता ब्रश आपटणं माझ्यातल्या कारागिराला बघवत नाही. आधी हवेचा ब्लोअर, फारच वाटलं तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, अगदी हलका हात. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइनवेव्हचा हवा. स्क्वेअरवेव्हवर प्लेअरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, खालून भाजून निघतो. आणि मांडणीवर पाणसळ ठेवून बघा, ती समतल हवी.

घरी एमपी३ च्या सीड्या असतील, भक्तिगीतांच्या, किर्तनांच्या, तर तेही विचारून घ्या. भारीतले बरेच प्लेअर त्या वाजवत नाहीत. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी-आर बरोबर न्या. त्यांवरून प्रकाश थोडा कमी परततो, सीडी-आरडब्ल्यूवरून तर फारच कमी, आणि लेझरची खरी ताकद तिथेच कळते.

स्नेह्यांबरोबर दुकानात गेलो तेव्हा आम्ही तीन डिस्क नेल्या होत्या. एक नवी, एक ओरखडे पडलेली आणि एक सत्तर मिनिटांच्या वर भरलेली. दुकानदाराने पहिलं गाणं लावलं. मी म्हटलं, “पहिलं नको, शेवटचं लावा.” डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचं गाणं काठाजवळ असतं आणि डिस्क जेवढी म्हणून डुलते ती काठावरच सगळ्यात जास्त. पहिल्या प्लेअरला ते गाणं शोधायलाच पाच-सहा सेकंद लागले, आतून कुर्र कुर्र आवाज येत राहिला. दुसरा त्याहून स्वस्त होता. त्याने ट्रे आत घेतला, क्षणभर थांबला आणि तंबोरा सुरू झाला. ओरखड्यांची डिस्कही त्याने तशीच वाजवली. मी पेटीला कान लावला, आतून काही ऐकू आलं नाही. दुकानदाराने त्यातला लेझर कुठला ते सांगितलं, आतून आणून एक सुटा लेझर दाखवला आणि त्याची किंमतही सांगितली. स्नेही म्हणाले, “लेझर दोन द्या. एक प्लेअरमधला, एक कपाटात ठेवायला.”